गौण खनिज, गौण माणसे

१

सीबीडी या तीन अक्षरांचा अर्थ आमच्या खाणीवर कुणालाही ठाऊक नव्हता. माल कुठे जाणार ते ट्रकच्या पावतीवर लिहिलेले असे आणि मुकादम ते मोठ्याने वाचत असे. माझी माय त्याला 'शिबडी' म्हणायची. "आज शिबडीला चार गाड्या गेल्या," असे ती रात्री चुलीपुढे सांगे. पुढे मी शिकलो, शिक्षक झालो, तेव्हा कळले की ती अक्षरे म्हणजे मध्यवर्ती व्यापारी क्षेत्र. मुंबईच्या पोटात मावेनाशी झालेली कचेऱ्यांची, बँकांची आणि व्यापाराची गर्दी खाडीपलीकडे आणून बसवायची, यासाठी बेलापूरची ही जागा नेमली होती.

आज तिथे कोकण भवन आहे, सिडको भवन आहे, कोकण रेल्वेचे मुख्यालय आहे, नवी मुंबई महापालिकेचे मुख्यालय आहे. या शहराचा इतिहासही लिहिला गेला आहे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र या शहरासाठी ठरले. ज्यांची भातशेती आणि मिठागरे गेली ते आगरी-कोळी भूमिपुत्र दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. हा इतिहासही लोकांच्या तोंडी आहे, आणि तो राहिलाच पाहिजे.

पण शहर कल्पनेने बांधले जात नाही आणि नुसत्या जमिनीवरही उभे राहत नाही. शहर दगडाने उभे राहते. काँक्रीट म्हणजे सिमेंट, रेती आणि खडी. त्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा खडीचा. ही खडी पारसिकच्या डोंगररांगेतून आली. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत ठाणे खाडीला समांतर पसरलेला हा डोंगर ठिकठिकाणी फोडला गेला आणि त्याचेच रस्ते, पूल, भिंती, छपरे झाली. तो कुणी फोडला आणि फोडताना त्यांच्या छातीत काय गेले, हा प्रश्न मला विचारायचा आहे. तो विचारायला मी फार उशीर केला, हेही आधीच कबूल करतो.

२

१९७२ साल आपल्या चळवळीत दलित पँथरचे साल म्हणून ओळखले जाते. त्याच साली मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात पाऊस पडला नाही. गावोगाव दुष्काळी कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसे राबत होती. त्यांच्या हाताला दिलेले काम कोणते? पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, आणि सर्वांत जास्त आठवणीत राहिलेले म्हणजे खडी फोडणे. रस्त्याकडेला फोडलेल्या खडीचे ढीग कितीतरी वर्षे तसेच पडून होते. त्या दुष्काळाची आठवण सांगताना लोक मिलो ज्वारी सांगतात, सुकडी सांगतात. खडी फोडताना उडालेल्या धुळीची आठवण कुणी सांगत नाही.

माझ्या मायबापांनी सुतकी प्रथम हातात धरली ती त्या दुष्काळी कामावर. गावात आम्ही नवबौद्ध. जमीन नाही, येसकरकी सोडलेली. काम संपले तेव्हा गावातल्या वडारांच्या चार कुटुंबांबरोबर तेही मुंबईच्या वाटेला लागले. वडारांना खाणी ठाऊक होत्या. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला, नवे शहर आकार घेऊ लागले होते, आणि डोंगराला सुरुंग लागत होते. आम्ही पारसिकच्या पायथ्याशी एका खाणीवर पोचलो तेव्हा मी सहा वर्षांचा होतो.

खाणीवर सगळी बहिष्कृत भारताची गर्दी होती. वडार, मांग, बौद्ध, लमाण, कातकरी. पण तिथेही पायऱ्या होत्याच. सुरुंगाची भोके पाडायची आणि दारू भरायची ती बहुधा वडारांनी. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारी जात म्हणून मालक त्यांनाच पुढे करी. घण घालणारे, डबर फोडणारे, पाटी वाहणारे, ट्रक भरणारे अशी उतरंड होती. क्रशर आल्यावर त्याच्या तोंडाशी दगड टाकणारे आणि खाली भुकटी ओढणारे आणखी खालच्या पायरीवर गेले. ही सर्वांत धुळीची जागा, आणि ती बहुधा बायकांच्या वाट्याला येई. १९३६ साली बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की जात ही कामाचे नव्हे, काम करणाऱ्यांचे तुकडे पाडते. आमच्या खाणीवर ती धुळीचीही वाटणी करत होती.

मजुरी ब्रासवर मिळे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हिशेब 'जोडी'चा, म्हणजे नवराबायकोचा मिळून होई आणि वहीत नाव नवऱ्याचे लागे. माझ्या मायने अठरा वर्षे दगड फोडला, खडी ओढली, भुकटी चाळली. पण तिचे नाव एकाही वहीत नव्हते. हे मी इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे या गोष्टीला फार मोठी किंमत आली.

३

आता दगडाकडे वळू. आमचा डोंगर काळ्या पाषाणाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, आणि आजच्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्या थरांनी झाकला गेला. त्यालाच आपण बेसाल्ट म्हणतो. अजिंठा, वेरूळ, कार्ले, कान्हेरी ही सारी लेणी याच पाषाणात कोरलेली आहेत. कान्हेरीच्या चैत्याच्या लेखात दगड घडवणाऱ्या कारागिरांचाही उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध विहाराला आपल्या पाथरवटांची आठवण ठेवावीशी वाटली. बेलापूरच्या एकाही कोनशिलेवर ती मी पाहिलेली नाही.

दगडात सिलिका असते. वाळू, गारगोटी, स्फटिक ही तिची शुद्ध रूपे. बेसाल्टमध्ये वजनाने जवळपास निम्मी सिलिका असते, पण ती बहुतेक इतर मूलद्रव्यांशी बांधलेली असते. मोकळी स्फटिकरूप सिलिका त्यात थोडी. वाळूच्या दगडात, ग्रॅनाइटमध्ये, गारगोटीत ती कितीतरी अधिक. फुफ्फुसाला सर्वांत घातक असते ती ही मोकळी सिलिका. म्हणून काळ्या दगडाला हात झटकून निर्दोष ठरवणे सोपे जाते.

पण खाणीत लहानपण काढलेल्या माणसाला हे पुरते पटत नाही. काळा दगड फुटला की त्याच्या पोकळीत कधीकधी पांढरे चमकणारे खडे सापडत. आम्ही पोरे त्याला 'दगडाची साखर' म्हणत असू आणि खिशात भरून नेत असू. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर त्या पोकळ्यांतून पाणी झिरपले आणि तिथे झिओलाइटचे, कॅल्साइटचे, गारगोटीचे खडे जमले. म्हणजे थोडी का होईना, मोकळी सिलिका त्या दगडात होती, आणि क्रशर दगड निवडून दळत नाही. शिवाय धूळ कसलीही असो, ती अति झाली की श्वासनलिका सुजवतेच. बारमाही खोकला आणि दम लागणे यासाठी गारगोटीच लागते असे नाही.

धूळ शरीरात काय करते? डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात आणि घशात अडकते. थुंकून टाकता येते. मारक असते ती न दिसणारी. मिलिमीटरच्या पाच-हजारांश भागापेक्षा लहान कण फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. तिथे रक्षक पेशी त्यांना गिळतात. जंतू असता तर पेशीने तो पचवला असता. स्फटिक पचत नाही. पेशीच मरते, तिच्यातले विष बाहेर सांडते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. हे वर्षानुवर्षे चालते. जागोजागी व्रण पडतात, गाठी होतात, मऊ फुफ्फुस चामड्यासारखे ताठर बनते. याला सिलिकोसिस म्हणतात. झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. आणि अशा फुफ्फुसात क्षयाचे जंतू सहज घर करतात.

हा रोग टाळता येतो, हे मात्र पक्के. ओल्याने भोके पाडणे, क्रशरवर पाण्याचा फवारा, पट्ट्यांवर झाकण, धूळ खेचणारे पंखे, योग्य मुखवटे, दरवर्षी छातीचे चित्र. यात अवघड विज्ञान काही नाही. आमच्या खाणीवर पाण्याचा एक टँकर येई. तो पाणी टाकी रस्त्यावर, ट्रकचालकांना पुढचे दिसावे म्हणून.

४

दगडाच्या धुळीने माणूस मरतो हे कुणाला ठाऊकच नव्हते, असे म्हणायला इतिहासात जागा नाही. १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येच्या ग्रंथात अ‍ॅग्रिकोलाने कार्पेथियन पर्वतातल्या खाणींविषयी लिहिले आहे की तिथे एकेका बाईचे सात-सात नवरे या छातीच्या रोगाने गेले. १७०० साली इटलीच्या रामाझ्झिनीने कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिले आणि वैद्यांना सांगितले की रोग्याला जे प्रश्न विचारता त्यात आणखी एकाची भर घाला: तुझा धंदा काय? १९३० साली जोहान्सबर्गला सिलिकोसिसवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. म्हणजे कागदावर ज्ञान पूर्ण होते.

त्याच १९३० साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट येथे जलविद्युत प्रकल्पासाठी डोंगरातून बोगदा खोदायला घेतला. दगड जवळजवळ शुद्ध सिलिकेचा. कोरड्यानेच भोके पाडली गेली. कामगारांत बहुसंख्य दक्षिणेकडून आलेले काळे लोक. काही महिन्यांतच माणसे मरू लागली. अमेरिकन काँग्रेसच्या चौकशीत ४७६ मृत्यूंचा आकडा पुढे आला. नंतरच्या संशोधनाने तो ७६४ च्या आसपास नेला. काळ्यांना गोऱ्यांच्या दफनभूमीत जागा नव्हती, म्हणून अनेकांना एका शेतात पुरले. आपल्या पँथरने ज्यांच्याकडून नाव घेतले त्यांचे आणि आपले नाते शब्दांपुरते नाही. ते छातीत साचलेल्या धुळीचेही आहे.

आपल्या देशात सिलिकोसिसची पहिली नोंद १९३४ सालची, कोलारच्या सोन्याच्या खाणीतली. तिथले खाणकामगार बहुसंख्य तमिळ दलित. याच लोकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मारिकुप्पमला बौद्ध संघाची शाखा काढली होती. १९४० साली म्हैसूर संस्थानाने सिलिकोसिसला भरपाईचा रोग मानले. सोने महत्त्वाचे होते, म्हणून सोने काढणाऱ्याची छाती निदान कागदावर आली.

आणि एक उदाहरण मला शिक्षक म्हणून स्वस्थ बसू देत नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसोरला पाटीवरच्या पेन्सिली बनत. पाटीचाच दगड कापून, घासून त्या बनवायच्या, आणि त्या दगडात मोकळी सिलिका भरपूर. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या तपासणीत, ज्यांची तपासणी झाली त्यातल्या निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस निघाला. तरुण माणसे जात होती. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश मानून आमच्या पिढीने पहिले अक्षर गिरवले ते पाटीवर, पेन्सिलीने. ती पेन्सिल कुणाच्या श्वासातून आली हे आम्हाला कुणी सांगितले नाही, आणि शिक्षक झाल्यावर मीही माझ्या मुलांना सांगितले नाही. १९८२ साली मध्य प्रदेशाने या कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. म्हणजे करायचे ठरवले तर करता येते.

५

बाबासाहेब जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींवर गेले, खाली उतरून त्यांनी काम पाहिले, मजुरांची घरे पाहिली. १९४४ च्या जानेवारीत कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. १९४६ साली अभ्रकाच्या खाणींसाठी तसाच कायदा झाला. तत्त्व साधे होते: जमिनीतून निघणाऱ्या प्रत्येक टनामागे थोडा पैसा बाजूला काढायचा आणि तो काढणाऱ्या माणसाच्या आरोग्यावर, घरावर, मुलांच्या शिक्षणावर खर्च करायचा. हेच तत्त्व १९६१ च्या कायद्याने लोहखनिजाला आणि १९७२ च्या कायद्याने चुनखडीला लागू झाले.

मग आमचा दगड कुठे राहिला? त्याचे उत्तर एका शब्दात आहे. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने इमारतीचा दगड, खडी, साधी माती, साधी वाळू यांना 'गौण खनिज' ठरवले आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे दिला. राज्याने ब्रासमागे स्वामित्वधन घेतले. दगडाचे मोल ठरले, पावती फाडली गेली, बिनपावतीच्या ट्रकला दंड झाला. माणसाच्या छातीसाठी त्या पावतीत एकही रकाना नव्हता.

१९५२ च्या खाण कायद्यातही अशीच एक फट होती. खाण उघडी असेल, खोली सहा मीटरपेक्षा जास्त नसेल, दिवसाला पन्नासपेक्षा जास्त माणसे नसतील आणि सुरुंग वापरले जात नसतील, तर इमारती दगडाच्या अशा कामाला कायद्याच्या बहुतेक तरतुदींतून सूट होती. आमच्या खाणीला ही सूट लागू होण्याचे कारण नव्हते. सुरुंग रोज दुपारी उडत आणि झोपडीवरचे पत्रे हादरत. पण कुणी साहेब आला की वहीत एकोणपन्नास नावे असत. बायका तर वहीत नव्हत्याच. १९५२ चा हा कायदा आता २०२० च्या नव्या संहितेत सामावला गेला आहे. कायद्याचे नाव बदलले. वहीत नाव नसलेल्याला जुन्याने काही दिले नाही, नवाही आपण होऊन देणार नाही.

गौण हा शब्द खनिजाला लावलेला आहे, माणसाला नाही, असे कुणी म्हणेल. व्याकरणाने ते बरोबर आहे. पण ज्या खनिजावाचून एक मोरीही बांधता येत नाही ते गौण, आणि ज्या माणसांवाचून गाव स्वच्छ राहत नाही ती अस्पृश्य, हा योगायोग नाही. ज्याच्यावर सगळे उभे आहे त्याला खालचे नाव द्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

६

माझा बाप १९८६ साली गेला. माय १९९१ साली. दोघांच्या कागदावर एकच शब्द होता: क्षय.

मायचा खोकला आधी पावसाळ्यात येई, मग बारा महिने राहिला. पाण्याची घागर घेऊन टेकाड चढताना ती दोनदा बसू लागली, मग चारदा. एका सरकारी दवाखान्यात तिचे छातीचे चित्र काढले. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो, स्वच्छ कपडे घालून तिच्याबरोबर उभा होतो. डॉक्टरांनी नाव विचारले, वय विचारले, गाव विचारले, घरात आणखी कुणाला खोकला आहे का ते विचारले. धंदा विचारला नाही. आणि मीही सांगितला नाही. ही गोष्ट मी आजवर कुठे बोललो नव्हतो. शिक्षकाची आई खडी फोडते, हे सांगायची मला लाज वाटली. दलित साहित्य वाचणारा, सभांना जाणारा मी, त्या खिडकीपाशी गप्प राहिलो.

सुया झाल्या, गोळ्या झाल्या. एकदा पूर्ण झाल्या, दुसऱ्यांदा पूर्ण झाल्या. खोकला गेला नाही. ती म्हणायची, "मास्तर, आतमंदी दगुड बसलाय रं. औषिदानं दगुड इरघळतो व्हय?" मी तिला समजावीत असे की हा जंतूंचा रोग आहे, दगडाचा नाही. आज कळते की शिकलेल्या मुलापेक्षा तिचे निदान जवळचे होते. तिला क्षय होता की सिलिकोसिस, की एकावर दुसरा चढलेला, हे आता सिद्ध करता येणार नाही. पण तो प्रश्न विचारलाच गेला नाही, हे मी साक्षीने सांगू शकतो. रामाझ्झिनीच्या त्या एका प्रश्नाला तेव्हा २९० वर्षे होत आली होती.

आणि समजा कागदावर धुळीचा रोग लिहिला गेला असता, तरी पुढे काय? भरपाई मागायची तर काम केल्याचा पुरावा हवा. पुरावा वहीत, आणि वहीत तिचे नाव नाही. क्षय म्हटले की दोष रोग्याच्या झोपडीकडे, त्याच्या खाण्यापिण्याकडे जातो. सिलिकोसिस म्हटले की बोट मालकाकडे वळते. निदानाचा शब्द हा नुसता वैद्यकीय शब्द नसतो. कोण देणेकरी आणि कोण नाही, हे तो ठरवतो.

हे दाखवून देणारा लढा आपल्या शेजारीच झाला. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धार जिल्ह्यांतले आदिवासी गुजरातेत गोध्र्याकडे गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात आणि मरणपंथाला लागून परत येत. कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून मेलेल्यांची आणि आजाऱ्यांची यादी केली. प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१६ साली न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. राजस्थानने २०१९ साली न्यूमोकोनिओसिसविषयी स्वतंत्र धोरण केले. त्यात रोग प्रमाणित झालेल्या कामगाराला आणि मृत्यूनंतर कुटुंबाला मदतीची तरतूद झाली. या साऱ्याची सुरुवात कशाने झाली? मोर्चाच्या आधी यादीने. नाव, गाव, किती वर्षे कुठल्या कामावर, कधीपासून दम लागतो.

७

डोंगर फोडल्याची किंमत माणसाने दिली तशी जमिनीनेही दिली. पारसिकच्या पोटात खड्डे पडले, पावसाळ्यात त्यांचे डोह झाले. आमच्या वस्तीतली दोन पोरे अशा डोहात बुडाली. डोंगराचा मुरूम खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव म्हणून पडला, आणि भरतीचे पाणी कुठे जावे म्हणून बेलापूर-वाशीला धारण तलाव बांधावे लागले. पुढे उलव्याची नव्वद मीटरच्या आसपास उंच असलेली टेकडी विमानतळासाठी सुरुंगांनी सपाट केली गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. सहा कोटी वर्षांचा डोंगर एका पिढीच्या डोळ्यांदेखत गेला.

खाणींवर बंधने आली, तीही न्यायालयातून. २०१२ साली दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातल्या गौण खनिजालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. मी डोंगराच्या बाजूचा आहे. तो वाचला पाहिजे. पण आमची खाण बंद पडली त्या दिवशी वस्तीत आनंद झाला नाही. अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा आपण सर्वांनी वाचली आहे. तिच्यातला भीमा खाण बंद पडल्यावर मढी उकरायला लागतो, त्यात हाताची बोटे गमावतो, आणि त्यानंतर खाण पुन्हा सुरू झाल्याचे त्याला कळते. ही कथा आपण भुकेची कथा म्हणून वाचली, आणि ती आहेच. मला आता तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. अण्णा भाऊंना ठाऊक होते की आपल्या माणसाला निवड असते ती खाण आणि स्मशान यांत, आणि या दोहोंतले अंतर फार नसते.

पर्यावरणाचा विचार करणाऱ्या मित्रांना म्हणूनच माझे सांगणे आहे. डोंगरावरचे झाड वाचवताना त्याच डोंगराखाली खोकणारा माणूस मोजा. खाण बंद करा असे म्हणताना, खाणीने ज्याची फुफ्फुसे बंद केली त्याचे काय, हेही त्याच अर्जात लिहा. आणि आपल्या चळवळीतल्या मित्रांना सांगायचे ते असे की आपण भूक लिहिली, वेस लिहिली, पाणवठा लिहिला; श्वास लिहायचा राहिला. आपण जमीन मागितली, नोकरी मागितली, नामांतर मागितले. छातीचे एक चित्र मागायला आपल्याला सुचले नाही. यात मी आधी स्वतःला धरतो.

मागण्या मोठ्या नाहीत. जिथे दगड फुटतो तिथे धूळ ओली करा. बाईचे नाव तिच्या स्वतःच्या ओळीवर लिहा, जोडीत नको. क्षयाच्या प्रत्येक कागदावर धंद्याचा रकाना भरा. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली, खनिजाच्या पैशातला वाटा बाधितांसाठी ठेवायचा म्हणून. त्यातून खाणवस्त्यांत छातीची तपासणी करा. खाणी बंद झालेल्या वस्त्यांतही करा, कारण रोग खाणीबरोबर बंद होत नाही.

आणि सरकारची वाट न पाहता आपण करण्यासारखे एक काम आहे. मी ते सुरू केले आहे. शाळेतली एक दोनशे पानी वही घेतली आहे. रविवारी जुन्या खाणवस्त्यांत जातो, पूर्वीचे सोबती शोधतो, त्यांच्या पोरांना विचारतो. कोण कुठून आले, किती वर्षे फोडले, भोके पाडत होते की क्रशरवर होते, खोकला कधी लागला, कागदावर काय लिहिले, कधी गेले. पहिल्या पानावर मी मायचे नाव लिहिले. धंद्याच्या रकान्यात लिहिले: खडी फोडणे, अठरा वर्षे. त्या खिडकीपाशी सांगायचे राहिले होते ते तिथे लिहिले.

ठाण्यापासून बेलापूरपर्यंत शिकलेली आपली पोरे आज पुष्कळ आहेत. आठवड्याची एक सकाळ आणि एक वही प्रत्येकाला परवडेल.